बिनसाखरेचे कप

१ मार्च

गोट्याच्या बायकोस,

नावाने हाक मारून सुरुवात करावी एवढं माझं मन अजून निवलेलं नाही. फोन केला असता, पण परवा तू मध्येच ठेवून दिलास. पत्र असं मध्ये ठेवून देता येत नाही, फाडावं लागतं. तेव्हा आधी वाच, मग फाड.

चार दिवस तुमच्याकडे राहून आले. अप्पांच्या उजव्या पायाची दोन बोटं मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. ती काळी पडली आहेत. नवा बूट चावला म्हणून तुम्ही दोघं डिसेंबरपासून त्यांना मलम चोळताय. मी डॉक्टर नाही, पण एकवीस वर्षं क्ष-किरण विभागात नोकरी करते. असे पाय माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सात होता. आता अकरा आहे.

आणि अशा माणसाला तू दिवसातून दोनदा आइस्क्रीम चारतेस. "माझ्या चष्मेवालीने केलंय, बिनसाखरेचं आहे, घे," असं म्हणत त्यांनी माझ्यासमोर फ्रीजरमधून कप काढला. लगेच चमचा घातला, तो लोण्यात जावा तसा आत गेला. त्यांनी मला एक घास पुढे केला. मी तोंड फिरवलं. घशाखाली गेला नसता.

तुला चष्म्याच्या काचा घासता येतात म्हणून तुला सगळंच कळतं असं अप्पांना वाटतं. मला वाटत नाही. आईचं शेवटचं सगळं तू केलंस, ते मी चारचौघांत मान्य करते. पण म्हणून बाप तुझ्या हवाली करून टाकलेला नाही. ते गोड तातडीने बंद कर.

ताई


७ मार्च

ताई,

नमस्कार. इच्छा नाही, पण वळण लागलंय.

फोन मी ठेवला, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. कागदावर निदान माझं वाक्य मला पुरं करता येतं.

ते आइस्क्रीम नाही. तुम्ही चार दिवस आमच्या घरात होतात, एकदा स्वयंपाकघरात येऊन विचारलं असतंत तर दाखवलं असतं. आता लिहून कळवते. बिनसायीच्या दुधाचं दही मी घरी लावते. ते मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगते, सकाळपर्यंत त्याचा घट्ट चक्का होतो. स्ट्रॉबेरी, पीच किंवा नासपती, जे मिळेल ते चिरून आधीच गोठवलेलं असतं. ते वजनावर तोलून घेते, ताई, माझ्या कामावरच्या सवयीने, एका कपाला पन्नास ग्रॅम. गुळगुळीतपणा यावा म्हणून अर्धं केळं, लिंबाची थोडी किसलेली साल. सगळं मिक्सरमधून काढते, पसरट डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवते आणि साडेआठला कामावर पळते. पुढे दर चाळीस मिनिटांनी ते काट्याने खरवडावं लागतं, नाहीतर त्यात बर्फाच्या सुया होतात. ते तुमचा भाऊ करतो. लिफ्टदुरुस्तीची त्याची पाळी तीनला सुरू होते, तोवर तो घरी असतो. तोच कप भरतो. त्यात साखर नाही, मध नाही, काही नाही.

हे मी का सुरू केलं तेही ऐका. आई गेल्यावर अप्पा जेवेनात. ताटावर बसायचे आणि उठायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, आइस्क्रीमवाल्याची पाटी रंगवली की तो मजुरीवर एक कप द्यायचा, तुझी सासू तो अर्धा माझ्याआधी संपवायची. दुसऱ्या दिवसापासून मी खटाटोपाला लागले. सात वेळा फसलं. आठव्यांदा त्यांनी कप चाटून पुसून संपवला आणि त्या दिवशी पोळीही खाल्ली. मला रडू आलं होतं. तुम्हाला कळवलंही होतं, तुमचं उत्तर आलं नाही.

त्यांची साखर रोज सकाळी मीच तपासते. वाढतेय हे मला तुमच्याआधी दिसलं. मी फळ पन्नासचं चाळीस केलं, मग तीस. केळं बंद केलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी वाढतेय आणि का ते मला कळत नाही. याने झोप उडाली आहे ती माझी, तुमची नाही. तुम्ही तिकडून उंटावरून शेळ्या हाकताय.

आणि चमचा लोण्यासारखा गेला म्हणता, ते तर साफ खोटं. माझं दही दगडासारखं गोठतं. पाव तास बाहेर ठेवल्याशिवाय त्यात चमचा शिरत नाही. आरोप करायचाच तर जरा बघून करा.

तुमच्या अप्पांची सून


१२ मार्च

तुला,

मला खोटारडी म्हणणारी तू पहिलीच. मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. चमचा गेला. कप फ्रीजरबाहेर येऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. तुझं दही दगड होतं आणि अप्पांच्या कपात लोणी होतं, तर मग त्या कपात काय होतं ते तूच सांग. दुकानातून आणून भरत असशील. कामाला जाणाऱ्या बाईला रोज फडकी टांगायला वेळ मिळतो, हे मला वाचतानाच पटलं नव्हतं.

पंधरा तारखेला शस्त्रक्रिया असल्याचं गोट्याने कळवलं. दोन बोटं. मला रजा नाही, आमच्याकडे दोघीच आहोत आणि दुसरी बाळंतपणाला गेली आहे. वेगळं लिहिते: अप्पांच्या शेजारी कुणीतरी सतत बसा.

या दह्याच्या भानगडीत गोट्याला ओढू नकोस. तो साधा आहे. त्याला उगाच प्रश्न विचारून हैराण करू नकोस.

ताई


२३ मार्च

ताई,

शस्त्रक्रिया झाली. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही गेली. जखम स्वच्छ आहे, सडणं वर चढलेलं नाही. अप्पा शुक्रवारी घरी आले. ही बातमी. आता बाकीचं.

पंधराला ते शुद्धीवर आले, तेव्हा दुपार झाली होती. तुमचा भाऊ त्यांच्याजवळ थांबला आणि मी कपडे आणायला घरी आले. पाणी घ्यायला फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात चार कप होते. तीन कप आठवड्यातल्या कामाच्या दिवसांचे आणि एक रविवारचा, झाकणावर मी वार लिहिते. रविवारी मला सुट्टी असते, त्या दिवशी खरवडणं आणि भरणं सगळं मी करते. तुमचं वाक्य डोक्यात घण घालत होतं. खरं सांगते, तुम्हाला खोटं पाडायलाच मी त्यातले दोन कप ओट्यावर काढले. रविवारच्या कपात चमचा वाकला. आठवड्यातल्या कपात तो लोण्यात जावा तसा गेला.

माझे दात गारव्याने कळतात, म्हणून मी गोठलेलं कधी खात नाही. मिक्सरमधलं चाखते तेवढंच. त्या दिवशी खाल्लं. साखर होती, ताई. चिमूटभर नव्हे. दात शिवशिवले ते गारव्याने की गोडाने, सांगता येणार नाही. आणि साखर घातलेलं दही कधी दगड होत नाही. एवढी साधी गोष्ट. मी फक्त कधी आठवड्यातला कप उघडून पाहिला नव्हता.

मग एकेक सुटत गेलं. अप्पा दर रविवारी म्हणायचे, "आज बिघडलंय गं, तुझ्यापेक्षा गोट्याचा हात बरा." मी हसायचे. चार महिन्यांत मी त्यांच्या काचा दोनदा बदलल्या, कारण नंबर सारखा इकडेतिकडे होत होता. दुकानात मालकांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, हल्ली हात चुकतोय का. मलाही वाटलं चुकतोय. साखर चढली-उतरली की डोळ्याचा नंबर हलतो, हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगते. घरच्या माणसाबद्दल मनात आलं नाही.

आधी मला अप्पांचाच संशय आला. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी त्यांची उशी उचलून पाहिली. त्यांची रंगाची पेटी उघडली, ब्रशांच्या खालचा कागद काढला. त्यांच्या जुन्या कोटाचे खिसे उलटे केले. काही नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या शिंप्यांना अप्पांजवळ बसवून तुमचा भाऊ डबा न्यायला आला. ओट्यावर दोन कप आणि दोन चमचे दिसले आणि तो दारातच खाली बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑक्टोबरपासून."

"किती?"

"आधी चार चमचे. मग तू फळ कमी करत गेलीस, ते आंबट व्हायला लागलं. अप्पा कप ठेवतील अशी भीती वाटली."

"किती ते सांग."

"वाटीभर."

म्हणजे मी इकडे फळ कमी करत होते आणि तो तिकडे साखर वाढवत होता. मी विचारलं, अप्पांनी मागितली होती का. म्हणाला, "ते कुठे काय मागतात." मग खाली बघून म्हणाला, "ताईनेच सांगितलं होतं. म्हणाली, घाल दोन चमचे, कुणाला कळतंय, तुझी बायको त्यांना पथ्याने मारून टाकेल."

तुम्ही मला पहिलं पत्र लिहिलंत तेव्हा हे तुम्हाला आठवत होतं का? एवढंच उत्तर द्या. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे ऐकून होते, पण त्या टपालाने येतात हे माहीत नव्हतं. मी महिनाभर स्वतःला खात होते, की माझ्या हातच्या फळाने सासऱ्यांचा पाय गेला.

तुमच्या भावाशी मी कामापुरतं बोलते. तुमच्याशी तेवढंही बोलायची गरज नाही, पण उत्तर हवं आहे.


३१ मार्च

तुला,

उत्तर देते. आठवत होतं.

ऑक्टोबरमध्ये गोट्याचा फोन आला होता. म्हणाला, अप्पा खातात पण चेहऱ्यावर काही नसतं, नुसतं औषध घेतल्यासारखं खातात. मी जे बोलले ते त्याने तुला सांगितलंच आहे. शब्दही तेच होते. दोन चमचे म्हटलं होतं मी, वाटीभर नाही. पण ही पळवाट आहे हे मलाही कळतं. ज्याला कधी कुठे थांबावं कळत नाही त्याला मी सुरू करून दिलं आणि पुन्हा एकदाही विचारलं नाही.

का सांगितलं, तेही ऐक. तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा औषधाच्या दुकानात गेली होतीस. आई जायच्या सहा दिवस आधी मी तिच्याजवळ होते. तिने माझा हात धरून चमचाभर गोड मागितलं. काहीही दे, म्हणाली, जिभेवर नुसतं ठेव. मी दवाखान्यातली बाई ना. मी तिला पथ्य समजावून सांगितलं. आकडे सांगितले. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. सहा दिवसांनी ती गेली आणि पथ्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून कुणी पथ्य म्हटलं की माझं डोकं फिरतं. अप्पांना मी भिंतीकडे तोंड करू देणार नव्हते.

त्या दिवशी अप्पांनी घास पुढे केला तेव्हा मी तोंड फिरवलं ते संतापाने नाही. चमचा कसा गेला ते पाहिलं होतं मी. घास घेतला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर मला तुझ्यावर ओरडता आलं नसतं. तुमच्याकडे यायला गाडीत बसल्यापासून मी मनात तुझ्याविरुद्ध वाक्यं जुळवत होते. दोषी तू असणं मला भाग होतं. तू नसतीस तर मी होते.

याची माफी कशी मागतात मला माहीत नाही, म्हणून मागत नाही. माझ्यावर जेवढं चिडायचं तेवढं चीड. पण अप्पांना सांगू नकोस. आता त्यांना कळून काय व्हायचं आहे? त्यांचा मुलगा त्यांच्या मनातून उतरेल, एवढंच. बोटं परत येणार नाहीत.

ताई


८ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा अप्पांना सांगून पाच दिवस झाले होते. आधी मिळालं असतं तरी सांगितलं असतं.

आईच्या त्या चमच्याचं मला खरंच माहीत नव्हतं. ते वाचून मी कामावर मागच्या खोलीत जाऊन बसले. तुम्ही त्यांना तो चमचा दिला असता तरी मी तुम्हाला बोल लावला नसता. पण ते दुःख तुमचं होतं, ताई, आणि तुम्ही ते लांबून अप्पांच्या कपात घातलंत. राग गेलेला नाही. तो आता निदान योग्य पत्त्यावर आहे.

आता काय झालं ते सांगते. अप्पा खिडकीपाशी पाय स्टुलावर ठेवून कुणाच्या तरी घराचा नंबर रंगवत होते. मी समोर बसले आणि ऑक्टोबरपासून सगळं सांगितलं, उशीचंही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ब्रश मात्र तेलात बुडवून ठेवला. मग म्हणाले, "परत सांग. सावकाश." मी परत सांगितलं. मग त्यांनी तुमच्या भावाला हाक मारली.

त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटलं होतं चढेल.

"गोट्या, मी साखर कधी सोडली, माहीत आहे?"

"ऑगस्टमध्ये."

"का सोडली?"

तो पायावरची पट्टी बघत राहिला.

"डोळ्यांसाठी सोडली. मला अजून अक्षर काढायचं आहे. तुझ्या आईशिवाय सकाळ काढायची तर हाताला काम लागतं, कामाला डोळे लागतात. कुणी सांगितलं म्हणून नाही सोडली. पहिला महिना जीभ नुसती वळवळायची. रस्त्याने जाताना मिठाईच्या दुकानासमोर मी पलीकडून चालायचो. हळूहळू ते बिनसाखरेचं गोड लागायला लागलं. मला वाटलं, जमलं आपल्याला. या वयात जीभ वळवली. शेजारच्या शिंप्याला मी बढाई मारली, अरे, मनात आणलं की होतं." मग म्हणाले, "ती साखर होती."

तुमचा भाऊ रडायला लागला. अप्पा म्हणाले, रडायचं तर गच्चीवर जा, मला ऐकवू नकोस. तो गेला.

मग माझ्याकडे वळले. मी आपली पाठ थोपटून घ्यायला बसले होते, ताई. शेवटी खरं मीच बाहेर काढलं होतं. म्हणाले, "तू माझ्या कोटाची झडती घेतलीस."

"हो."

"म्हणजे तिला वाटलं बापाला झेपणार नाही. त्याला वाटलं झेपणार नाही. आणि तुला वाटलं, म्हातारा चोरून खातोय. तुम्हा तिघांत एकालाही असं वाटलं नाही, की हा माणूस म्हणाला सोडली तर सोडली असेल."

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा.

चौथ्या दिवशी मला म्हणाले, त्या दह्याची कृती सांग, मोठ्या अक्षरात लिहून घेतो. आता फडकं तेच बांधतात. टेबलापाशी बसून फळं चिरतात, तोलतात, डबा मांडीवर घेऊन खरवडतात. आम्हाला कुणाला हात लावू देत नाहीत. आंबट होतं, मी चाखलं. ते मात्र तोंड वाकडं न करता खातात आणि सकाळी सुई स्वतः टोचून आकडा कागदावर मांडतात. आकडा खाली येतोय. तुमचा भाऊ रोज दुपारी पाळीवर जाण्याआधी दारात उभा राहतो आणि "येतो, अप्पा" म्हणतो. अजून त्याला उत्तर मिळालेलं नाही. परवा मी म्हटलं, एवढं ताणू नका. म्हणाले, "मी ताणत नाही. तो अजून मला हळूच फसवायला तयार आहे, फक्त आता चांगल्या गोष्टीसाठी. ते त्याच्या डोक्यातून जाईपर्यंत थांबतोय."

याच पाकिटात त्यांचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. त्यांनी चिकटवून दिलं.

तुमची भावजय


८ एप्रिल

मुली,

तुझी तिन्ही पत्रं मी मागून घेतली आणि वाचली. चष्मेवाली द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, माझ्या पायाबद्दल लिहिलंय, तर ती माझी पत्रं.

तुझ्या आईने तुझ्याकडे गोड मागितलं आणि तू दिलं नाहीस, हे तू दोन वर्षं एकटी घेऊन बसलीस. मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी तुला सांगितलं असतं, की तिने ते माझ्याकडेही मागितलं होतं आणि मीही दिलं नव्हतं. मला वाटत होतं ते फक्त माझ्याच वाट्याला आलंय.

ते वेगळं. आणि तू माझ्या पाठीमागे केलंस ते वेगळं. एकाने दुसरं फिटत नाही. तिने मागितलं होतं, तिला मिळालं नाही. मी मागितलं नव्हतं, मला चोरून घातलंत. दोन्ही वेळा माणसाला काय हवंय ते कुणी ऐकलं नाही, त्यात मीही आलो.

वर सुनेवर आळ घातलास. तिची माफी तुला मागता येत नसेल तर शीक. चुका करून झाल्यावर शिकायला पन्नाशी हे वय काही फार नाही.

मला सांगू नकोस असं तू तिला लिहिलंस, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बोटांपेक्षाही जास्त. बोटं माझी होती, गेली. पण मी अजून आहे आणि मला सांगितलेलं समजतं.

ये. मला तुझ्यावर रागवायचं आहे आणि ते कागदावर मावत नाही. रजा मोठी काढ.

अप्पा